सेकंदभाऊ

रोज नागपूरच्या रहाटे कॉलनी चौकात वर्धा रोडच्या दिशेने जी गर्दी थांबलेली असते, तिच्यात एक गाडी थांबलेली नसते. चाललेलीही नसते. ती सरकत असते. स्टॉपलाइन केव्हाच मागे पडलेली, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे दोन चाकांच्या मधे, आणि रस्ता ओलांडणारी माणसं पुढच्या चाकाला वळसा घालून चाललेली. गाडीवरच्या गृहस्थाची मान उजवीकडे वळलेली, कारण स्वतःच्या सिग्नलकडे तो पाहतच नाही. त्याचा डोळा आडव्या रस्त्याच्या सिग्नलवर. तिकडे पिवळा पडला की इकडे हा सुटला. हेल्मेट आहे. डाव्या कोपरात आहे.

हे आमचे सेकंदभाऊ.

नाव त्यांना कॉलनीने दिलं, पण ते एका माणसापुरतं राहिलं नाही. विमानतळालगतच्या मिहान उद्योगनगरीतल्या दर कंपनीत, दर शिफ्टमध्ये भाऊंच्या शाखा आहेत. कुणी दुचाकीवर असतो, कुणी हप्त्यावर घेतलेल्या पांढऱ्या एसयूव्हीत, कुणी कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या कॅबच्या स्टिअरिंगमागे. वय पंचवीस ते पंचावन्न. शिक्षणाची अट नाही. उलट शिक्षण जितकं जास्त, तितकं समर्थन मुद्देसूद. मला जवळून ठाऊक असलेले भाऊ चाळिशी ओलांडलेले, बी.ई., दोन लेकरांचे बाप आणि सोसायटीच्या गणपतीचे खजिनदार. गणपतीच्या हिशेबात रुपया इकडचा तिकडे होत नाही. सेकंदांचा हिशेबही तितकाच चोख. कुठला सिग्नल किती वेळ लाल राहतो, कुठली बाजू कुणाच्या मागून सुटते, सारं तोंडपाठ. महापालिकेतल्या माणसाला विचारलं तर तो फाइल शोधायला उठेल. भाऊ डोळे मिटून सांगतील. "समोरचा संपला का मंग डावीकडचा सुटते, मंग आपला. मधात दोन-तीन सेकंद फालतू जाते ना भाऊ. सगळेच लाल! चारही बाजूचे लोक एकमेकाची तोंडं पाहून राहिले. काय मतलब आहे?"

मतलब आहे. त्याच्याकडे येतोच. पण आधी भाऊंवर अन्याय नको म्हणून एक सांगून टाकतो. भाऊ गुंड नाहीत. रस्त्यात कुणाशी भांडत नाहीत, शिवी देत नाहीत, दारू पिऊन तर गाडीला हातही लावत नाहीत. अपघात दिसला की थांबतात, जखमीला पाणी देतात, १०८ ला फोन लावतात, आणि "लोकं पाहूनच चालवत नाही ना आजकाल" असं म्हणून पुढचा सिग्नल तोडतात.

त्यांचं दुसरं रूप पाहायचं असेल तर मिहानच्या आत जावं. विमानतळाच्या दक्षिणेला शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, खापरी या गावांच्या शिवारात हे नवं नागपूर वसलं. २००२ साली त्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी निघाली. आता तिथे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, विमानं दुरुस्त करणारा कारखाना आहे, एम्स आहे. भाऊंची कंपनीही तिथलीच. तिच्या गेटपाशी गाडी आली की चमत्कार घडतो. हेल्मेट कोपरातून निघून डोक्यावर चढतं, पट्टा टच्च आवाज करून लागतो. गळ्यात आयकार्ड येतं. आत ताशी २० किलोमीटरची पाटी आहे. भाऊ १८ ने चालवतात. पायी चालायला आखलेल्या पट्ट्यातूनच चालतात, जिना उतरताना कठड्याला हात लावतात, आणि ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, उजवा हात पुढे करून सगळ्यांच्या वरच्या आवाजात शपथ घेतात. एकदा तर पोस्टर स्पर्धेत त्यांना दुसरं बक्षीस मिळालं. विषय होता रस्तासुरक्षा. बक्षिसात मिळालं हेल्मेट. ते मोठ्या लेकाच्या क्रिकेटच्या किटमध्ये आहे.

गाडी सर्व्हिसिंगला असली की भाऊ मेट्रोने खापरीपर्यंत जातात. ही ऑरेंज लाइन २०१९ च्या मार्चमध्ये सुरू झाली. फलाटावर पिवळी पट्टी आखली आहे आणि भाऊ तिच्या चांगले हातभर मागे उभे राहतात. आतली माणसं आधी उतरू देतात. गाडी यायला दोन मिनिटं आहेत असं फलकावर दिसलं तर दोन मिनिटं थांबतात. रुळावर सरकून बसत नाहीत. चौकात मात्र हाच माणूस, हाच रंग, तीच जमिनीवरची रेघ, आणि सारं उलट. माझ्या मते कारण अगदी साधं आहे. कंपनीला गेट आहे, मेट्रोला दार आहे, दोन्हीकडे कुणीतरी त्यांना ओळखतं. चौकात भाऊंना कुणी ओळखत नाही.

भाऊंचं सगळं तत्त्वज्ञान पिवळ्या दिव्यात आहे. मागे एकदा छत्रपती चौकात वाहतूक पोलिसाने त्यांना बाजूला घेतलं. मी मागे बसलो होतो.

"लाल दिसला नाही का?"

"लाल झाला नव्हता ना साहेब," भाऊ अत्यंत नम्रपणे म्हणाले, "होऊन राहिला होता."

पोलिसाने एकवार भाऊंकडे, एकवार माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने मोबाइल काढून नंबरप्लेटचा फोटो घेतला. त्याच्याकडेही याला उत्तर नव्हतं. फक्त चालान होतं.

खरं म्हणजे पिवळा दिवा सिग्नलच्या घराण्यात धाकटा. पहिला सिग्नल लंडनला पार्लमेंटसमोर लागला, डिसेंबर १८६८ मध्ये. रेल्वेच्या इंजिनियरने केलेला, गॅसवर चालणारा, त्यात फक्त लाल आणि हिरवा, आणि तो हलवायला एक पोलीस. महिनाभरातच, २ जानेवारी १८६९ ला, गॅस गळून त्याचा स्फोट झाला आणि तो पोलीसच भाजून निघाला. सिग्नलपायी पहिला जीव धोक्यात गेला तो सिग्नल पाळणाऱ्याचा नव्हे, तोडणाऱ्याचाही नव्हे, चालवणाऱ्याचा. पुढे वीज आली, पण रंग दोनच राहिले. हिरव्याचा एकदम लाल झाला की धावत्या गाडीने करायचं काय, हा प्रश्न तसाच. शेवटी १९२० मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात विल्यम पॉट्स नावाच्या पोलिसानेच मधला पिवळा घातला. म्हणजे ज्या दिव्याने भाऊंना वेग वाढवायची हुक्की येते, तो वेग कमी करायला लावला होता.

पिवळा किती सेकंद ठेवायचा हे कुणाच्या मर्जीवर नसतं. एका रविवारी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर मी भाऊंना ते गणित पेपराच्या कडेवर मांडून दाखवलं. इंजिनियर माणूस, समजायला वेळ लागला नाही. ताशी ५० ने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते. दिवा पिवळा झालेला दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा. १४ मीटर गेले. मग बेताने ब्रेक दाबून गाडी पुरती थांबायला आणखी ३२ मीटर. एकूण ४६. स्टॉपलाइनपासून याहून लांब असाल तर थांबा, जवळ असाल तर निघून जा; आणि निघून जाणाऱ्याला लाल व्हायच्या आत रेषा ओलांडता यावी म्हणून पिवळा साधारण सव्वातीन सेकंद. २०१७ चे वाहन चालवण्याचे नियमही तेच म्हणतात: पिवळ्याला थांबायचं, सुरक्षित थांबताच येणार नाही इतके जवळ आला असाल तरच पुढे जायचं. आता गाडी ७० ने असेल तर हेच अंतर ८२ मीटर होतं. वेग दीडपटही नाही वाढला, थांबायची जागा पावणेदोनपट झाली. आणि पिवळा तर ५० च्या हिशेबाने लावलेला. म्हणजे ७० ने येणाऱ्याला रस्त्यावर एक असा टापू लागतो, जिथून थांबताही येत नाही आणि लाल व्हायच्या आत निघताही येत नाही. या टापूवर जनरल मोटर्सच्या तीन संशोधकांनी १९६० मध्ये निबंध लिहिला. आमचे भाऊ तिथे रोज जाऊन येतात.

भाऊंनी तर्रीत पोहे कालवत हे ऐकून घेतलं आणि जो मुद्दा काढला, तो मला नाकारता आला नाही. "बरोबर आहे तुमचं. पण मी थांबलो ना पिवळ्याले, तर मागचा ठोकते. त्याले कोण सांगेल गणित?"

हे खोटं नाही. वर्धा रोडवर पिवळ्याला थांबून बघा. मागून आधी हॉर्न येतो, मग डिप्पर, मग खिडकीतून मान. थांबणारा माणूस आपल्याकडे वाहतुकीला अडथळा समजला जातो. अमेरिकेत सिग्नलवर कॅमेरे लावल्यावर काय झालं, याचा तिथल्या महामार्ग खात्याने २००५ मध्ये अभ्यास केला. आडव्या धडका चतुर्थांशाने कमी झाल्या आणि मागून ठोकण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी वाढलं. भाऊंना मी हे सांगायला नको होतं, कारण त्यांनी त्यातला दुसराच आकडा लक्षात ठेवला. मागून बसलेल्या धडकेत बहुधा बंपर जातो, आडव्या धडकेत माणूस जातो, हा फरक त्यांनी पोह्यांबरोबर गिळला.

आता त्या 'फालतू' सेकंदांकडे येऊ. एक बाजू लाल झाली आणि दुसरी हिरवी व्हायची आहे, त्यामधे थोडा वेळ चारही बाजू लाल ठेवतात. दोन सेकंद, चौक मोठा असेल तर आणखी थोडा. कशासाठी? तर पिवळ्याच्या शेवटच्या क्षणी रेषा ओलांडलेला माणूस चौकाच्या पोटात असतो, त्याला सुखरूप पलीकडे जाऊ द्यावं म्हणून. ही चुकणाऱ्यासाठी ठेवलेली शिल्लक आहे. स्वीडनने १९९७ मध्ये रस्त्यावर एकही मृत्यू नको असं धोरण मंजूर केलं, त्याचा पाया हाच: माणूस चुकणार हे गृहीत धरा, आणि चुकला तरी मरणार नाही असा रस्ता बांधा. आपल्या सिग्नलमध्ये त्या धोरणाचा तुकडा आधीपासून आहे, दोन सेकंदांचा.

हे ऐकल्यावर भाऊंचे डोळे चमकले. "म्हणजे ते आपल्यासाठीच ठेवले असते ना मंग!"

आणि गंमत, म्हणजे जी गंमत नाही ती, इथे आहे. सकाळी भाऊंना उशीर झालेला असतो, म्हणून ते लाल लागल्यावर पहिल्या सेकंदात घुसतात. संध्याकाळी घाई घराची असते. तेव्हा ते आडव्या रस्त्याचा पिवळा बघून हिरव्याच्या एक सेकंद आधी सुटतात. भाकरीला दोन बाजूंनी उंदीर लागावेत तशी ती दोन सेकंदांची शिल्लक दोन्हीकडून संपते, आणि दोन्ही उंदीर भाऊच. ते स्वतःला स्वतः भेटत नाहीत, एवढंच त्यांचं नशीब. सकाळचे भाऊ आणि संध्याकाळचे भाऊ एकाच वेळी एका चौकात आले, तर काय होईल याचा विचार त्यांनी केलेला नाही. तसे दोन वेगवेगळे भाऊ मात्र एका वेळी एका चौकात रोज येतात.

पुढे सिग्नलवर उलटे आकडे मोजणारी घड्याळं लावली. थांबलेल्याला धीर यावा, इंजिन बंद करून पेट्रोल वाचवावं, हा उद्देश. भाऊंनी त्याचं शर्यतीचं घड्याळ केलं. पाच दिसले की गिअर, तीनला क्लच अर्धा, दोनला झेब्रा, एकला भाऊ चौकात. शून्य त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

बरं, वाचवलेल्या सेकंदांचं होतं काय? मी बारकाईने पाहिलं आहे. अजनीपासून पुढे तो दुमजली पूल आहे. खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो, ३.१४ किलोमीटरचा, गिनेस बुकात नोंद झालेला. त्याने भाऊंचे मधले सिग्नल आपोआपच वाचवले. राहिले ते भाऊंनी तोडून वाचवले. अशी दोन-अडीच मिनिटांची कमाई घेऊन भाऊ खापरीच्या अलीकडे पानठेल्यावर उतरतात. तिथे खर्रा घोटायला सांगतात. ठेलेवाला सुपारी, चुना, तंबाखू प्लास्टिकच्या पन्नीत घालून पाटीवर घासत बसतो. घाईने घोटलेला खर्रा भाऊंना चालत नाही. "आरामशीर घोट बे, काही जल्दी नाही."

भाऊंचं नाव शहराच्या नकाशावर आहे, हे त्यांना माहीत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये नागपुरात 'आय-रास्ते' नावाचा प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्र आणि आपली महापालिका यांचा. 'आपली बस'च्या काचेवर एक छोटं यंत्र बसवलं. ते सतत पुढे बघतं. कुणी फार जवळ आडवं आलं, पायी माणूस समोर आला, की ड्रायव्हरला सावध करतं. आणि नुसतं सावध करून थांबत नाही. कुठे-कुठे असे प्रसंग पुन्हापुन्हा येतात त्याची नोंद जमते. सरकारच्या व्याख्येप्रमाणे महामार्गावरच्या ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात झाले किंवा दहा माणसं मेली, की तो ब्लॅक स्पॉट होतो. म्हणजे ठिपका काळा व्हायला आधी माणसं मरावी लागतात. 'आय-रास्ते'ची कल्पना अशी की माणसं मरायच्या आधीच, ठिपका राखाडी असतानाच तो ओळखावा. मला हा सगळा खटाटोप फार आवडला. सुरक्षेवर आपण पोस्टर फार काढतो, मोजमाप कमी करतो.

तर भाऊ रोज सकाळी एका बसला डावीकडून कट मारून तिच्या पुढ्यात शिरतात. काचेवरचं यंत्र कोकलतं, ड्रायव्हर कचकन ब्रेक मारतो, उभे प्रवासी एकमेकांच्या अंगावर जातात. रोज जवळजवळ तीच वेळ, तोच चौक. कुठल्याशा संगणकात त्या जागी राखाडी ठिपका उमटत असेल आणि तज्ज्ञ मंडळी विचार करत असतील की इथे रस्त्याचा उतार चुकला की झाड आड येतं. उतार बरोबर आहे. झाडही नाही. तो ठिपका पूर्णपणे भाऊंचा आहे. पुरावा म्हणून मी साक्ष द्यायला तयार आहे.

कायद्याची त्यांना भीती नाही असं नाही, पण ती हंगामी आहे. २०१९ ला मोटार वाहन कायदा सुधारला, सिग्नल तोडणं धोकादायक वाहन चालवण्यात धरलं गेलं, आणि पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपासून वर्षभराची कैद अशी तरतूद झाली. त्या बातमीनंतर आठवडाभर भाऊ सिग्नलला असे थांबत की मागचे लोक गाडी बंद पडली का म्हणून विचारत. मग कळलं की चालान मोबाइलवर येतं आणि लगेच भरलं नाही तरी गाडी चालूच राहते. तेव्हापासून भाऊ ती साठवतात आणि लोकअदालतीची वाट बघतात. लोकअदालतीत तडजोड होते, रक्कम कमी होते. दिवाळीच्या सेलची जाहिरात आपण बघतो, तितक्या आशेने भाऊ पेपरातली लोकअदालतीची तारीख बघतात. गेल्या खेपेला सगळी एकदम निकालात काढून आले आणि पेढे वाटले.

कॅमेऱ्याशी त्यांचं नातं त्याहून गुंतागुंतीचं. कुठल्या खांबावरचा चालू, कुठला नुसताच, याविषयी त्यांचे ठाम अंदाज आहेत आणि ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उदारपणे वाटले जातात. चालू कॅमेऱ्यासमोर भाऊ आदर्श नागरिक. माझं स्पष्ट मत असं की भाऊंना सुधारायच्या भानगडीत न पडता, त्यांचे अंदाज तेवढे बिघडवावेत. दर महिन्याला कॅमेऱ्याची जागा बदला. भाऊ सगळीकडेच थांबतील.

वहिनी मागे बसल्या असल्या तर भाऊंना सिग्नलची गरज पडत नाही. "लाल आहे नं तो? मंग कायले गाडी सरकवून राहिले तुम्ही? मागं घ्या." भाऊ खरोखर दोन पाय टेकवून गाडी मागे घेतात, रेषेच्या आत. वहिनींची स्वतःची स्कूटी आहे, त्या शाळेत शिकवतात, आणि त्यांच्या नावावर एकही चालान नाही. मी विचारलं, तुम्हाला घाई नसते का? त्या म्हणाल्या, "असते नं भाऊजी. म्हणून तर घरून लवकर निघते." हा उपाय भाऊंना सांगितला तर ते म्हणाले, प्रॅक्टिकल नाही.

मिहानच्या आतले रस्ते ही भाऊंच्या स्वभावाची खरी परीक्षा. रुंद, सरळ, दोन्ही बाजूंनी मोकळं माळरान आणि बऱ्याचदा समोर चिटपाखरू नाही. अशा रस्त्यावर सिग्नल असला तर तो भाऊंना वैयक्तिक अपमान वाटतो, नसला तर आमंत्रण वाटतं. शिफ्ट सुटायच्या वेळा सोडल्या तर चौकात गाडी क्वचित येते, आणि ती क्वचित येणारी गाडीही 'इथे कोण येते बे' असाच विचार करत येते. मोकळा रस्ता गर्दीच्या रस्त्यापेक्षा सुरक्षित, ही आपली समजूत आहे. गर्दीत धडक बसते ती वीस-पंचवीसच्या वेगाने. मोकळ्या चौकात ती ऐंशीने बसते. अशा ठिकाणी सिग्नलपेक्षा गोल वर्तुळ आणि रस्त्याला हलकासा उंचवटा बरा, असं रस्तेबांधणीतले लोक सांगतात, कारण वर्तुळाला सगळ्यांनाच हळू व्हावं लागतं आणि आडवी धडक बसायला जागाच उरत नाही. लाल दिव्याशी हुज्जत घालता येते, उंचवट्याशी नाही. भाऊंचं यावर एकच म्हणणं: "गाडीचं सस्पेन्शन जाते ना."

तिथे भाऊंना थांबवणारी एकच शक्ती मी पाहिली आहे. ज्या गावांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यापैकी काहींची गुरं अजून आहेत आणि त्यांची चरायची वाट बदललेली नाही. संध्याकाळी पाच-सहा गाई चौकात येतात, मधोमध उभ्या राहतात, एखादी खाली बसते. मागे काठी खांद्यावर टाकलेला म्हातारा. भाऊ हॉर्न वाजवत नाहीत. इंजिन बंद करून म्हाताऱ्याशी पावसापाण्याचं बोलतात. घड्याळ बघत नाहीत. गाईंना वाट दिली म्हणजे पुण्य लागतं. पायी चालणाऱ्याला दिली तर काय लागतं, हे अजून कुणी ठरवलेलं नाही.

अलीकडे भाऊंना समृद्धीचं वेड लागलं आहे. तो महामार्ग मिहानला लागूनच शिवमडक्यापासून निघतो आणि मुंबईकडे ७०१ किलोमीटर जातो; त्यावर एकही सिग्नल नाही. "याले म्हणते विकास!" सुट्टीच्या दिवशी मित्राच्या गाडीतून ते वर्ध्यापर्यंत उगीच जाऊन येतात. पण तिथेही एक घोळ झाला. रस्ता इतका सरळ, इतका न अडवणारा, की भाऊंना झोप येऊ लागली. न थांबता जाणं हे त्यांचं आयुष्यभराचं स्वप्न, आणि ते पुरं झालं तर त्यांना जांभया. परतताना मनीषनगरकडच्या पहिल्या लाल दिव्याशी त्यांना एकदम तरतरी आली.

असं असलं तरी वर्षातले दोन महिने भाऊ सगळे नियम पाळतात. एप्रिल आणि मे. नागपूरचा पारा ४५ च्या घरात गेला की चौकातलं डांबर चपलेला चिकटतं. तेव्हा भाऊ स्टॉपलाइनच्या कितीतरी मागे, पुलाच्या सावलीत उभे असतात. मेट्रोच्या खांबाची सावली वितभर असली तरी तिच्यात एकामागे एक सहा दुचाकी रांगेने. रेषा रिकामी, झेब्रा रिकामा, पायी चालणारे ऐटीत रस्ता ओलांडताहेत. युरोपातल्या चित्रात शोभावा असा चौक. पोलीस नाही, कॅमेरा नाही, नुसतं ऊन. महापालिकेने अलीकडच्या उन्हाळ्यांत काही चौकांत सिग्नलपाशी हिरव्या जाळ्या बांधल्या, म्हणजे थांबलेल्यांच्या डोक्यावर सावली यावी. लोकांनी त्याचं कौतुक उष्माघाताच्या अंगाने केलं. मी म्हणतो, नागपुरात स्टॉपलाइन पाळली जावी म्हणून आजवर जे-जे केलं गेलं, त्यात ही जाळी पहिल्या नंबरावर आहे. फक्त ती बांधताना जिथे थांबायला हवं बरोबर तिथेच बांधावी, आणि पावसाळ्यात तिच्याच जागी पत्रा टाकावा. भाऊ सावलीत थांबतात, आडोशाला थांबतात, गाईला थांबतात, वहिनींना थांबतात. दिव्याला थांबत नाहीत, कारण दिव्याने त्यांना आजवर दिलंच काय?

काही सिग्नल उन्हाळ्यात भर दुपारी बंदच ठेवतात, लोक उन्हात ताटकळू नयेत म्हणून. पहिल्यांदा बंद सिग्नल पाहून भाऊ गोंधळले. तोडायला काही नव्हतंच. चारही बाजूंचे लोक हळू झाले, एकमेकांकडे बघत, हाताने 'तू जा, तू जा' करत पार झाले. भाऊही. "आज काही मजा नाही आली," ते म्हणाले.

देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली होती. हे आकडे मी भाऊंना वाचून दाखवले. त्यांना खरंच वाईट वाटलं. थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोकांनी समजून घेतलं पाह्यजे ना भाऊ." आणि हेल्मेट कोपरात अडकवून निघाले.

भाऊ सुधारतील याची वाट बघण्यात अर्थ नाही. कॅमेरे फिरते ठेवणं, मिहानच्या मोकळ्या चौकांत वर्तुळं आणि उंचवटे घालणं, चारही बाजूंचा लाल एखाद्या सेकंदाने वाढवणं हे महापालिकेचं, पोलिसांचं, विमानतळ विकास कंपनीचं काम आहे आणि ते त्यांनी करावं. वर्धा रोडने जाणाऱ्या वाचकांना माझी विनंती एवढीच: हिरवा लागला की लगेच सुटू नका. उजवीकडे बघा, डावीकडे बघा, दोन सेकंद जाऊ द्या. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. आडव्या रस्त्याने भाऊ येऊन राहिले असतील.